दवंडीपासून जाहिरातगीतापर्यंत

स्तोत्रसंहितेतील एखादे स्तोत्र म्हणताना दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवर अडखळणारी माणसे एखाद्या साबणाचे किंवा दंतमंजनाचे जुने गीत मात्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बिनचूक म्हणून दाखवतात. ते गीत त्यांनी कधी पाठ केलेले नसते. कोणत्याही शिक्षकाने ते घोकून घेतलेले नसते. तो साबण कदाचित त्यांच्या घरी कधी आलाही नसेल. तरीही गीत राहिले आहे आणि त्या गीताच्या कुशीत त्या मालाचे नाव राहिले आहे. या गोष्टीचे आपण हसून कौतुक करतो आणि पुढे जातो. परंतु जी वस्तू आपली परवानगी न घेता आपल्या स्मरणात शिरते आणि चाळीस-चाळीस वर्षे तेथे मुक्काम करते, तिची थोडी चौकशी करणे इष्ट आहे, असे आम्हांला वाटते.

इंग्रजीत ज्याला जिंगल म्हणतात, त्याला मराठीत जाहिरातगीत असा शब्द रूढ आहे. दहा, वीस किंवा तीस सेकंदांचे हे गीत. त्याला धड सुरुवात नाही, धड शेवट नाही. साहित्यात त्याला स्थान नाही आणि संगीताच्या इतिहासातही त्याची नोंद अभावानेच सापडते. असे असूनही गेल्या शतकात आपल्या घराघरांतील फडताळांमध्ये काय ठेवले जावे, हे ठरविण्याचे काम या इवल्याशा गीताने फार मोठ्या प्रमाणावर केले. त्याचा इतिहास मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत घडला, हे खरे. पण त्याचा परिणाम समजून घ्यायचा असेल तर एखाद्या लहानशा बाजारपेठेत जाऊन उभे राहिले पाहिजे. आम्ही त्यासाठी परभणी जिल्ह्यातील मानवत निवडले आहे.

हाक आणि दवंडी

मानवत ही कापसाची जुनी बाजारपेठ. आसपासच्या काळ्या जमिनीतला कापूस येथे येतो, सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात आणि पुढे जातात. हैदराबादहून मनमाडकडे जाणारा निजामाच्या राज्यातील गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० सालच्या सुमारास सुरू झाला, तेव्हा या गावाच्या नावाचे स्थानकही झाले. पण ते गावात नाही, गावापासून काही किलोमीटरवर आहे. म्हणून त्याचे नाव ‘मानवत रोड’. प्रवाशाला गावाचे नाव आधी भेटते आणि गाव मागाहून. जाहिरातगीताचा कारभारही असाच आहे: नाव आधी पोहोचते, वस्तू मागून येते.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. राजभाषा उर्दू, जनतेची भाषा मराठी. १९५१ सालच्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा दहाच्याही आत होते. अशा समाजात छापील जाहिरात, भिंतीवरचा फलक किंवा डब्यावरचे अक्षर कोणासाठी? बातमी, हुकूम, सौदा, सारे काही कानावाटेच येत असे. सरकारी हुकूम हलगीच्या ठेक्यावर दवंडीने कळे. पहाटे वासुदेव आपल्या सुरात दारी येई. दिवस वर आला की कल्हईवाला, बोहारीण, कासार, फणी-कंगवे विकणारी अशी एकेकाची हाक गल्लीतून जाई. या हाकांचे एक वैशिष्ट्य होते. आत चुलीशी बसलेल्या बाईला शब्द नीट ऐकू येत नसत. पण सूर कोठे लांबतो आणि कोठे तुटतो, यावरून दारात कोण आले आहे हे तिला अचूक कळे. व्यापारशास्त्राची पुस्तके ज्याला आज ‘ब्रँडची ओळख’ म्हणतात, ती या गल्लीबोळांत अनेक पिढ्यांपासून नांदत होती.

मात्र या हाकेला एक चेहरा होता. ज्याने हाक दिली तोच दारात उभा राही. त्याचा माल वाईट निघाला तर पुढच्या खेपेला त्याला चार शब्द सुनावता येत. दुकानदाराचेही तसेच. मीठ, तेल, सोडा, शिकेकाई, रिठा, राखुंडी हा सारा माल सुटा असे. त्याला नाव नसे. नाव दुकानदाराचे असे. “अमक्याच्या दुकानचे तेल” एवढीच त्याची ओळख, आणि तेवढीच त्याची हमी. ही हमी नेहमी पाळली जात होती असे मुळीच नाही. वजनात खोट, तेलात भेसळ आणि उधारीच्या वहीत वाढीव आकडा हे त्या जुन्या बाजारालाही ठाऊक होते. परंतु फसवणूक झाल्यास जाब कोणाला विचारायचा, हे माहीत होते. पुढील इतिहास वाचताना वाचकांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

नाताळच्या आदल्या रात्री

हाकेची जागा गीताने घेतली, ती प्रथम अमेरिकेत. २४ डिसेंबर १९२६ या दिवशी, म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळी, मिनिआपोलिस शहरातील रेडिओ केंद्रावरून चार पुरुषांनी ‘व्हीटीज’ नावाच्या गव्हाच्या पोह्यांची स्तुती करणारे एक लहानसे गीत गायिले. रेडिओसाठी रचलेले हे पहिले जाहिरातगीत मानले जाते. चाल नवी नव्हती. त्या काळी लोकांच्या ओठांवर असलेल्या एका गाण्याचीच ती होती. पुढे १९२९ साली हा माल खपत नाही म्हणून तो बंद करण्याचा विचार कंपनीत सुरू झाला. तेव्हा कोणी तरी हिशेबाचे कागद पाहिले. विकल्या गेलेल्या ५३,००० खोक्यांपैकी ३०,००० खोकी एकट्या मिनिआपोलिस व सेंट पॉल या जोडशहरांच्या परिसरात खपली होती आणि ते गीत ऐकू येत होते तेही तेवढ्याच परिसरात. माल बंद करण्याऐवजी कंपनीने ते गीत देशभर ऐकविले.

या घटनेतून पुढच्या जाहिरातदारांनी दोन धडे घेतले. पहिला असा, की गायिलेले नाव हे बोललेल्या नावापेक्षा अधिक काळ टिकते. दुसरा असा, की चाल जितकी ओळखीची तितकी ती लवकर रुजते. ऐकणाऱ्याच्या मनात जी वाट आधीच पडलेली आहे, त्या वाटेनेच नवे नाव आत नेणे सोपे असते. हा दुसरा धडा आपल्या देशात फारच उपयोगी पडला. कारण ओव्या, अभंग, गवळणी, भारुडे आणि जात्यावरची गाणी यांनी आपल्याकडे अशा वाटा शतकानुशतके पाडून ठेवल्या होत्या.

एका मराठी मंत्र्याची बंदी

भारतात आकाशवाणी ही सरकारी संस्था; तिच्यावर जाहिरात निषिद्ध होती. १९५२ साली पुण्यात जन्मलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. ते अभिजात संगीताचे कट्टर कैवारी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लागली. गीत लावले तरी चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, कारण नाव सांगणे म्हणजे जाहिरात करणे, अशी भूमिका घेतली गेली. निर्माते संतापले, त्यांनी गीते वाजविण्याची अनुमती काढून घेतली आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

‘नाव उच्चारणे म्हणजेच जाहिरात’ हे केसकरांच्या खात्याचे मत शब्दशः बरोबर होते, असे आज म्हणावेसे वाटते. पण त्याचा परिणाम नेमका उलटा झाला. श्रोत्यांनी रेडिओची सुई फिरविली आणि ती समुद्रापलीकडे कोलंबोला जाऊन थांबली. रेडिओ सिलोनवर जाहिरातीला मुभा होती. १९५२ च्या अखेरीस तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी यांचा आवाज लघुलहरींवरून खरखरत येई. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून तो आवाज पुन्हा भारतात येई. लोक गाणी ऐकत होते. पण कार्यक्रमाचेच नाव दातांच्या मलमाचे असल्यामुळे, गाणे मागायचे म्हटले तरी त्या मलमाचे नाव घ्यावे लागे. सरकारने चित्रपटाचे नाव घेण्यास मनाई केली आणि घरोघरी दंतमंजनाचे नाव पोहोचले! राखुंडीने दात घासणाऱ्या गावांनाही ‘बिनाका’ हा शब्द परका राहिला नाही. सयानी यांचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले, तेव्हा वृद्ध श्रोत्यांना त्यांच्या आवाजाबरोबर त्या मलमाचेही नाव आठवले असेल.

सरकारलाही हे उमगले. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते परतली. त्यानंतर अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ साली व्यापारी प्रसारणाची शिफारस केली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीची जाहिरात सेवा सुरू झाली ती मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून. तिन्ही केंद्रे महाराष्ट्रातील आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आकाशवाणीवरील जाहिरातगीत मराठी मुलखातच प्रथम रुजले. पुढे १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शननेही जाहिराती स्वीकारल्या. पण मराठवाड्यातील गावांना दूरदर्शन दिसू लागेपर्यंत ट्रान्झिस्टरनेच आपले काम बरेचसे उरकले होते. बैलगाडीच्या साटीला, पानपट्टीच्या फळीवर आणि शिंप्याच्या यंत्राशेजारी तो वाजत असे, आणि अक्षरशत्रू माणसालाही तो सारख्याच आपुलकीने सर्व काही सांगत असे.

पडद्यामागचे हात

ही गीते कोण करीत होते? साबणाच्या वेष्टनावर कारखान्याचे नाव असते, गीताच्या संगीतकाराचे नसते. म्हणूनच ज्यांच्या चाली कोट्यवधी लोकांनी गुणगुणल्या, त्यांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत.

त्यांत एक नाव वनराज भाटिया यांचे. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेल्या या संगीतकाराने हजारो जाहिरातींना संगीत दिले; लिरिल साबणाची ती धबधब्याची, जवळजवळ शब्दहीन चाल त्यांचीच. दुसरे नाव आपल्या अशोक पत्की यांचे. जन्म १९४१ सालचा. सुमन कल्याणपूर यांना पेटीची साथ करता करता ते संगीत-दिग्दर्शनाकडे वळले. मराठी भावगीते, नाटके आणि मालिकांची शीर्षकगीते यांमुळे ते घराघरांत पोहोचले, हे सर्वज्ञात आहे. पण त्यांनी केलेल्या जाहिरातगीतांची संख्या हजारांत मोजावी लागते, हे पुष्कळांना माहीत नसते. झंडू बामची जी चाल आपल्या पिढीच्या कानात घर करून बसली आहे, ती त्यांची. कोंकणी ‘अंतर्नाद’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना २००६ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ए. आर. रहमान यांनीही १९९२ सालच्या ‘रोजा’पूर्वी शेकडो जाहिरातींना संगीत दिले होते.

या ध्वनिमुद्रणगृहांतील वादकांच्या रांगेकडे पाहिले, तर आपल्या वाचकांना अनेक ओळखीची आडनावे भेटतील. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले. देवळातील गायनवृंदासाठी घडविलेली ही मुले पुढे पोटासाठी मुंबईत आली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यरचनेचा पाया घातला. त्यांच्याबरोबरीने कितीतरी अनामिक वादक सकाळी चित्रपटाच्या गाण्याला आणि दुपारी एखाद्या जाहिरातीला साथ करीत. जाहिरातीच्या कामात वेळ फार थोडा असतो. कागद समोर आला की पहिल्याच नजरेत वाजविता आले पाहिजे, आणि तेही मोजक्या सेकंदांत बसले पाहिजे. जे वाचनकौशल्य गावच्या देवळातील मिस्सेच्या संगीतासाठी शिकविले गेले होते, तेच येथे कामास आले. त्या वादकांची नावे कोणत्याही डब्यावर छापली गेली नाहीत.

या गीतांच्या रचनेचे काही नियम ठरून गेले होते. मालाचे नाव पहिल्या काही सेकंदांत यावे आणि शेवटी पुन्हा यावे. स्वरांची झेप मोठी नसावी, म्हणजे लहान मुलालाही ते गाता येते. यमक हवेच. मूळ गीत बहुधा हिंदीत होई आणि मग त्याच वाद्यसंगीतावर मराठी, गुजराती, तमिळ, बंगाली शब्द बसविले जात. त्यामुळे मराठी शब्दांवर कधी कधी विचित्र आघात येत. ऱ्हस्वाचे दीर्घ होई आणि दीर्घाचे ऱ्हस्व. अनेक पार्श्वगायकांनी याच कामावर आपला गळा तयार केला. २०२२ साली निवर्तलेले गायक केके यांनी चित्रपटात नाव होण्यापूर्वी अनेक भाषांतून हजारो जाहिरातगीते गायिली होती.

फेरीवाल्याचा आवाज फितीवर

जाहिरातगीताने ज्यांना मोठे केले, त्यांतील दोन उदाहरणे विशेष बोलकी आहेत. कारण दोन्ही ठिकाणी मूळ माणूस फेरीवालाच होता.

गुजरात सरकारच्या खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करणारे करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घराच्या अंगणात कपडे धुण्याची पावडर तयार केली आणि सायकलवरून दारोदार विकली. मुलीच्या नावावरून तिचे नाव ‘निरमा’ ठेवले. बड्या कंपनीची पावडर तिच्या तिपटी-चौपटीने महाग होती. तरीही सायकलवरून किती दारे गाठणार? सत्तरीच्या दशकात तिचे गीत रेडिओवर आले आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी पांढऱ्या झग्यातली गिरकी घेणारी मुलगी घेऊन दूरदर्शनवर आले. आता करसनभाईंना दारी जाण्याची गरज उरली नाही. मानवतसारख्या बाजारात ज्या बाईने आजवर सोडा किंवा साबणाची पिवळी वडी मागितली होती, ती आता दुकानात येऊन पावडरचे नाव घेऊ लागली. मालाला नाव आले, आणि त्या नावाचा मालक दुकानदार राहिला नाही. दुकानदाराच्या शब्दाची किंमत तेथून उतरू लागली, असे आम्ही समजतो.

दुसरे उदाहरण मराठी माणसाचे. केशव विष्णू पेंढारकर यांनी १९५२ साली मुंबईत परळ येथे ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ सुरू केली. तिचेच संक्षिप्त नाव ‘विको’. वनौषधींचे दंतमंजन घेऊन दारोदार फिरण्यापासून त्यांची सुरुवात झाली. पुढे हळदीचे मलम आले आणि त्याचे गीत चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी, मग दूरदर्शनवर, अनेक भाषांतून ऐकू येऊ लागले. हे मलम प्रसाधन नसून आयुर्वेदीय आहे, असे ते गीत ठासून सांगत असे. ऐकणाऱ्याला ती केवळ यमकाची गंमत वाटली असेल. पण त्यामागे खराखुरा वाद होता. प्रसाधनावरील अबकारी कर औषधावरील करापेक्षा पुष्कळ जास्त. हे मलम प्रसाधन मानायचे की औषध, यावर सरकार आणि कंपनी यांच्यात वर्षानुवर्षे खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर कंपनीच्या बाजूने निकाल लागला. न्यायालयात वकील ज्या मुद्द्यावर कागदांचे ढीग मांडत होते, तोच मुद्दा देशातील मुले शाळेच्या वाटेवर गात होती!

खाद्यतेलाची गोष्ट थोडी निराळी. मराठवाडा हा करडईचा मुलूख. घाण्यावरचे तेल भांड्यात मोजून घ्यायचे, ही येथली पद्धत. १९८८ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ‘धारा’ हे पुड्यातील तेल आणले आणि शुद्धतेचा शब्द सुरात बसवून घरोघर पोहोचविला. सुट्या तेलाची अवहेलना झाली म्हणून हळहळणाऱ्यांनी १९९८ सालची घटना विसरू नये. त्या वर्षी दिल्लीत भेसळीच्या सुट्या मोहरीच्या तेलाने साठांवर माणसे दगावली. तेव्हा मोहोरबंद पुड्याची मागणी केवळ गीताच्या मोहिनीतून वाढली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र शुद्धता मोहोरेमुळे आणि तपासणीमुळे येते, चालीमुळे येत नाही, एवढे सांगितलेच पाहिजे.

बियाण्याची पिशवी आणि गीत

साबण वाईट निघाला तर कपडे मळके राहतात. बियाणे वाईट निघाले तर वर्ष बुडते. मानवतच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने जाहिरातीचा खरा प्रश्न येथे येतो.

कापसाच्या संकरित वाणांचा काळ सुरू झाल्यावर बियाणे घरचे राहिले नाही. ते दर वर्षी विकत घ्यावे लागू लागले. १९६४ साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेला ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण या पट्ट्यात घरोघर गेला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि त्यानंतर वाणांच्या नावांची अशी गर्दी झाली की ती लक्षात ठेवणेही अवघड व्हावे. मग मृगाआधी कर्ण्याच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या. रेडिओवरील शेतीविषयक कार्यक्रमांच्या आगेमागे गीते ऐकू येऊ लागली. नावे भारदस्त, चाली लोकगीतांच्या, वाद्ये हलगी आणि संबळ यांची. जी हलगी पूर्वी सरकारी दवंडीला वाजे, तिचाच ठेका आता बियाण्याच्या पिशवीपुढे वाजू लागला.

१९६६ च्या बियाणे कायद्यानुसार पिशवीवर उगवणशक्तीचे प्रमाण, गट क्रमांक आणि मुदत छापलेली असते. पण ती बारीक अक्षरांची चिठ्ठी कोणत्याही गीतात बसत नाही. तिला यमकही जुळत नाही. शेतकरी दुकानात जातो तेव्हा त्याच्या ओठांवर वाणाचे नाव असते, चिठ्ठीवरचा आकडा नसतो. नंतर पीक उभे राहिले नाही, तर तक्रारीच्या वेळी मात्र तीच चिठ्ठी आणि पावती मागितली जाते. कर्ण्याची गाडी तोवर पुढच्या तालुक्यात गेलेली असते. दारातल्या हाकेला चेहरा होता, हे आम्ही आरंभी म्हटले, ते याचसाठी.

चालीला मालक मिळाला

एक काळ असा होता की चाल सर्वांची असे. ओवी कोणाच्या मालकीची नव्हती. आज चालीची नोंदणी होते. ‘याहू’ या कंपनीची आरोळी २००८ साली भारतातील पहिली ध्वनिरूप व्यापारचिन्ह म्हणून नोंदली गेली. त्यानंतर आयसीआयसीआय बँकेने आपल्या लहानशा धूनेची नोंदणी करून घेतली. २०१७ च्या व्यापारचिन्ह नियमांनुसार अशा ध्वनीची नोंद तीस सेकंदांपर्यंतच्या ध्वनिमुद्रणाच्या स्वरूपात, स्वरलेखनासह करता येते. चाल कोणाची, हे कायदा आता सांगू शकतो. चालीने दिलेले आश्वासन कोणी पाळायचे, हा प्रश्न मात्र वेगळ्या कायद्यांकडे सोपवलेला आहे. जादुई उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ सालचा. जाहिरात व्यवसायाची स्वयंनियामक परिषद १९८५ सालची. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ साली लागू झाली. हे सारे नियम शब्दांची छाननी करतात. परंतु जी गोष्ट शब्दांत सांगितलेलीच नाही, केवळ सुरातून सुचविली आहे, तिची छाननी कशी करावी? ‘हे आपलेच आहे, घरचे आहे, विश्वासाचे आहे’ असे जेव्हा पेटीचा सूर आणि आईचा आवाज सांगतो, तेव्हा पुरावा मागायला जागाच राहत नाही.

याच सामर्थ्याचा सदुपयोगही झाला आहे, हे नमूद केल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर आलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ जाहिरातीच्याच क्षेत्रातील मंडळींनी घडविले. शब्द पीयूष पांडे यांचे, चाल अशोक पत्की यांची, वाद्यरचनेत लुई बँक्स. त्यात विकायला काही नव्हते. पत्की यांनी साक्षरतेच्या प्रसारासाठीही गीत केले. ज्या समाजाला वाचता येत नव्हते म्हणून जाहिरातगीत फोफावले, त्या समाजाला वाचायला बोलावण्याचे कामही गीतानेच केले. अलीकडे मध्य प्रदेशातील मंडला येथील श्याम बैरागी यांनी कचरा गोळा करणाऱ्या गाडीसाठी रचलेले गीत देशातील कितीतरी शहरांत वाजू लागले. सकाळी घंटागाडीचा सूर ऐकून घरातली बाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर येते; तिच्या आजीला कल्हईवाल्याची हाक जशी कळे, तसेच हे आहे.

मग जाहिरातगीत वाईट की चांगले? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. गीताने सुट्या मालाच्या जगात नाव आणले आणि नावाबरोबर काही अंशी जबाबदारीही आणली. पुड्यावरच्या नावाला निदान पत्ता तरी असतो. त्याने निरक्षर माणसाला दुकानदाराच्या मर्जीतून सोडविले आणि हवी ती वस्तू नाव घेऊन मागण्याची ऐट दिली, हेही थोडे नाही. पण त्याच वेळी आपला निर्णय आपण घेतो आहोत की आपल्या कानात बसलेली चाल घेते आहे, हे ओळखणे त्याने अवघड करून ठेवले. आता तर ही गीते रेडिओपुरती राहिलेली नाहीत. ती मुलांच्या हातातील फोनमधून येतात, खेळाच्या मधोमध येतात आणि ज्याला अजून वाचता येत नाही अशा चिमुरड्याच्या तोंडी सर्वांआधी बसतात. १९५१ साली मानवतचा निरक्षर शेतकरी जसा केवळ कानांवर विसंबून होता, तसेच आजचे तीन वर्षांचे मूल आहे.

घरात मूल असे एखादे गीत गाऊ लागले, तर त्याला गप्प करू नये. त्याचा गळा गोड असतो आणि चालही बहुधा चांगलीच असते. त्याच्याजवळ बसून त्या मालाचा पुडा हाती घ्यावा आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरे त्याच्याबरोबर वाचावीत. कोणी बनविले, कशापासून बनविले, केव्हापर्यंत टिकेल आणि तक्रार कोठे करायची, एवढे चार प्रश्न पुरे आहेत. आपल्या आज्या दारात आलेल्या फेरीवाल्याला हेच प्रश्न विचारीत होत्या, आणि उत्तर पटले तरच पदराची गाठ सोडीत होत्या.